रद्दी म्हणू नकोस

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला. दिवाळी झाली की महिन्याभरात घर रिकामं करून द्यायचं आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं. सामानाची यादी करायला ठाण्याहून भाची आली. बँकांचे, विमा कंपन्यांचे जुने कागद स्कॅन करून देणाऱ्या एका कंपनीत ती काम करते. रोज हजारो पानं तिच्या हाताखालून जातात. दुपारपर्यंत तिनं स्वयंपाकघर, कपाटं, पलंग सगळं वहीत उतरवलं. मग शिडी लावून माळ्यावर डोकावली आणि तिथूनच म्हणाली,

“मामा, चौदा ट्रंका आहेत! एवढ्या रद्दीचं काय करायचं?”

“रद्दी म्हणू नकोस,” मी म्हणालो. “खाली घे एकेक. उघडून बघ आणि मग बोल.”

ते बोलणं तीन दिवस चाललं. धूळ झटकताना, जेवताना, रात्री अंथरुणं घातल्यावरही. पन्नासहून अधिक वर्षं मी विनोदी अंक आणि चित्रकथा गोळा करत आलो, पण मला इतके सरळ प्रश्न आधी कुणी विचारले नव्हते. ते इथे लिहून ठेवतो आहे, कारण असे माळे महाराष्ट्रात आणखी आहेत.

पहिली ट्रंक इंद्रजाल कॉमिक्सची निघाली. वर कडुनिंबाची वाळलेली पानं, खाली वेताळ, मँड्रेक, बहादूर.

“हा फँटम ना?” ती म्हणाली. “याचे स्कॅन चाहत्यांनी कधीच करून ठेवलेत. मोबाइलवर वाचता येतात. मग हे वजन कशाला वाहायचं?”

“तू वाचलेस ते इंग्रजी अंक. सांगलीत तो फँटम नव्हता, वेताळ होता. मार्च १९६४मध्ये टाइम्सवाल्यांनी इंद्रजाल सुरू केलं, १९९०मध्ये बंद झालं. मधल्या काळात ८०३ अंक निघाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे एक फळी आणि दोन दोऱ्या. दोऱ्यांवर कॉमिक्स वाळत घातल्यासारखी टांगलेली. पायरीवर बसून वाचलं तर दहा पैसे, घरी नेलं तर पंधरा. आमच्यात ज्याच्याकडे पैसे असतील तो वाचायचा आणि बाकीचे तिघं त्याच्या खांद्यावरून. तो भरभर पानं उलटायला लागला की भांडण.”

“आठवण छान आहे. पण आठवण तुझ्याजवळ राहीलच की.”

“आठवणीचं नाही म्हणत मी. हा अंक बघ. वेताळाचं जंगल मूळ पट्ट्यांत बेंगाला नावाच्या देशात होतं. आपल्याकडे ते बंगालसारखं वाटेल म्हणून इंद्रजालनं त्याचं डेंकाली केलं. सिंग चाच्यांचे सिंगा चाचे झाले. म्हणजे अमेरिकेतली वर्तमानपत्री पट्टी इथे आली आणि मुंबईत कुणीतरी टेबलाशी बसून ती भारतीय वाचकासाठी बदलली. मराठीत तर आणखी एक माणूस बसला. चाच्यांनी मराठीत धमकी कशी द्यायची, मँड्रेकनं संमोहन करताना कोणते शब्द वापरायचे, हे त्यानं ठरवलं. ती मराठी इंग्रजी स्कॅनमध्ये कुठून येणार?”

ती पानं चाळत होती. बहादूरवर थांबली. केशरी कुर्ता, खाली जीन्स.

“हा आपला वाटतो.”

“आपलाच. १९७६ साली आबिद सुरतींनी लिहिला, गोविंद ब्राह्मणियांनी काढला. इंद्रजालची कितीतरी मुखपृष्ठंही याच गोविंदांच्या कुंचल्याची. मी कॉलेजात होतो तेव्हा. डाकूंशी लढणारा नायक घोड्यावरून आला नाही, कुर्ता-जीन्स घालून आला, हे आम्हाला केवढं मोठं वाटलं होतं! आमच्यापैकी दोघांनी तसे कुर्ते शिवून घेतले.”

“बरं, मराठी अंकांचं पटलं,” ती म्हणाली. “पण मग तू माझीच बाजू मांडतो आहेस. हे इतकं मोलाचं असेल तर कागदाच्या भरवशावर कसं ठेवतोस? ही कड बघ, हात लावला की चुरा होतोय. हा न्यूजप्रिंट आहे मामा. लाकूड दळून केलेला लगदा. त्यातलं लिग्निन उजेड आणि हवा लागून पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद आतून खचतो. तुझी कडुनिंबाची पानं कसर अडवतील, वाळवी अडवतील. आम्लाला काय करणार? मला दे. सहाशे डीपीआयवर स्कॅन करते, दोन ठिकाणी प्रती ठेवते. तुझे चौदा ट्रंकांचे अंक खिशात मावतील.”

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी तिच्या तोंडून ऐकताना पोटात कालवलं. कागदाशी मी माझ्या परीनं झगडलो आहे. पिना गंजतात आणि पानाला भोकं पाडतात, म्हणून रविवारच्या रविवार बसून पिना काढल्या आणि दोऱ्यानं टाके घातले. सेलोटेप कधी लावली नाही, तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होतो आणि अक्षरं घेऊन निघतो. फाटलेल्या जागी पातळ कागद आणि मैद्याची खळ. एकदाच चूक केली. १९८०च्या सुमारास दिवाळी अंकांचे काही गठ्ठे एका बाइंडरकडे दिले. त्यानं पुठ्ठ्याची सुबक बांधणी केली, पाठीवर सोनेरी अक्षरंही ठोकली. पण बांधणी नीट बसावी म्हणून तिन्ही बाजूंनी कागद कापला, त्यात चित्रांच्या कडा गेल्या. मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं ‘वाचायची नसतात’ म्हणून काढून टाकली. मी त्याच्या दुकानामागच्या कातरणांच्या ढिगात संध्याकाळपर्यंत शोधत होतो. सात मुखपृष्ठं मिळाली. बाकीची गेली. ते दुःख मला अजून आहे.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “मी स्कॅन केले असते तर मुखपृष्ठं सुटली नसती.”

“मुखपृष्ठं सुटली नसती. पण काही गोष्टी सुटल्या असत्या. ती निळी ट्रंक काढ.”

निळ्या ट्रंकेत ‘आवाज’ आहे. मधुकर पाटकरांनी १९५१ साली काढलेला, सबंध विनोदाला वाहिलेला दिवाळी अंक. मराठी दिवाळी अंकाची परंपरा त्याआधी बेचाळीस वर्षांची, काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’नं १९०९ साली सुरू केलेली. गोव्यातून मुंबईला आलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढला आणि दिवाळी अंकाला देखणेपण दिलं. त्याच्या पुढच्या वर्षी अनंत अंतरकरांचा ‘हंस’ आला. ‘आवाज’ मात्र घराघरांत ओळखला गेला तो खिडकीचित्रांनी.

ज्यांनी खिडकीचित्र हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. एका पानाचा काही भाग कापून त्याची झडप केलेली असते. झडप मिटलेली असताना बाहेरचं आणि आतलं मिळून एक चित्र दिसतं आणि ते बहुतेक वेळा चावट असतं. झडप उघडली की मागचं पूर्ण चित्र दिसतं आणि कळतं, तिथे तसलं काहीच नव्हतं. बाहेरून एका पुरुषानं बाईचं मनगट घट्ट धरलेलं दिसावं आणि आत तो बांगड्या भरणारा कासार निघावा, अशा धर्तीचं. यात चित्रकाराचं कसब दुहेरी असतं. एकच रेघ दोन चित्रांत दोन वेगळ्या वस्तूंची कड व्हायला हवी. आणि छापखान्याचं कसब त्याहून मोठं. झडप केसभर सरकली तर सगळा खेळ फसतो. हजारो प्रतींत प्रत्येक झडप जागेवर बसवायची, तीही दिवाळीच्या आधी!

“आता हे स्कॅन कर,” मी म्हणालो.

तिनं झडप मिटली, उघडली, पुन्हा मिटली. “दोन चित्रं घेता येतील. मिटलेलं आणि उघडलेलं.”

“घेता येतील. पण मधलं काय? आपण झडप उचलतो, त्याआधी मनात जे आलेलं असतं ते आपलं असतं. चित्रकारानं ते काढलेलंच नाही. खिडकी उघडली की आपणच सापडतो. ती उचलण्याचा तो एक क्षण चित्राचा भाग आहे. शेजारी-शेजारी दोन चित्रं ठेवलीस तर तो क्षण उरत नाही.”

ती बराच वेळ झडपेवर बोट ठेवून बसली. मला वाटलं, पटलं. पण ती म्हणाली ते वेगळंच होतं.

“मामा, कारागिरी अप्रतिम आहे, मान्य. पण सापडतं कोण, ते सांग. तू म्हणतोस वाचक. मी या पाच अंकांतल्या सगळ्या खिडक्या आत्ता बघितल्या. प्रत्येक वेळी बाहेर बाईचं अंग आहे. पुरुष वाचक सापडतो आणि हसतो. बाई काय करते? मी हे तेरा वर्षांची असताना, तुझ्याच घरी, याच ट्रंकेतून बघितलं होतं. मला हसू आलं नव्हतं. मी झडप मिटली आणि अंक आहे तिथे ठेवून दिला. कुणाला बोलले नाही.”

हे मला माहीत नव्हतं. लहानपणी आमच्या घरी ‘आवाज’ कपाटाच्या डोक्यावर असायचा आणि आम्ही मुलगे स्टुलावर चढून तो काढायचो. चोरून बघण्यातली आमची मजा मला आठवत होती. तसंच चोरून बघून एखादी मुलगी अंग चोरून घेत असेल, हे इतक्या वर्षांत मनात आलं नाही.

“पुढे बघ,” ती म्हणत होती. “व्यंगचित्रं. दारामागे लाटणं घेतलेली बायको. साड्यांच्या दुकानात नवऱ्याचं दिवाळं काढणारी बायको. माहेरी जाणारी बायको आणि मागे नाचणारा नवरा. लठ्ठ सासू. ऑफिसात स्टेनो. मी मोजत होते, पन्नासनंतर सोडून दिलं. लिहिणाऱ्या किती बायका आहेत यात?”

“मंगला गोडबोले आहेत. शकुंतला फडणीस आहेत.”

“आणखी?”

मी नावं आठवत राहिलो. विनोदी अंकांच्या अनुक्रमणिकांत बाईचं नाव शोधायला बोटं पुरतात, हे खरं आहे. दिवाळीत वि. आ. बुवांचं नाव मात्र कितीतरी अंकांत एकाच वेळी सापडायचं.

“मग हे जपायचं कशासाठी?” तिनं विचारलं. “चांगलं तेवढं ठेवू या. पु. ल. ठेव, दळवी ठेव, मिरासदार ठेव. ते तर पुस्तकांतही आहेत. चित्रांत शि. द. फडणीस, सरवटे. बाकीचं जाऊ दे. प्रत्येक जुनी गोष्ट वारसा नसते.”

यावर माझं उत्तर ठाम आहे आणि मी ते तिला आवाज न चढवता दिलं. चांगलं तेवढं ठेवायचं म्हटलं की चांगलं कोण ठरवतो हा प्रश्न येतो, पण माझा आक्षेप त्याच्याही अलीकडचा आहे. कवितेला, कादंबरीला समीक्षक असतात, अभ्यासक्रम असतो, आवृत्त्या निघतात. विनोदाला यातलं फार थोडं मिळतं, आणि विनोद जितक्या लवकर शिळा होतो तितकं दुसरं काही होत नाही. रॉकेलच्या रांगेवरचा विनोद आज समजावून सांगावा लागतो. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसाचं व्यंगचित्र बघून कॉलेजातली मुलं विचारतात, यात हसण्यासारखं काय आहे? पण म्हणूनच ते चित्र हवं. त्या काळातला मध्यमवर्ग कशाला भीत होता, कशासाठी आसुसला होता, कुणाला कमी लेखत होता, हे अग्रलेखात सापडत नाही. अग्रलेख लिहिताना माणूस नीट बसतो. हसताना बेसावध असतो.

“ती लाटणंवाली बायको,” मी म्हणालो, “पन्नास वेळा आली म्हणालीस. पन्नास हा आकडा तुला कसा कळला? सगळं ठेवलं होतं म्हणून. फक्त फडणीस आणि सरवटे ठेवले असते तर उद्याची एखादी मुलगी म्हणाली असती, मराठी विनोद किती निर्मळ होता! ते खोटं ठरलं असतं. तुला तेरा वर्षांची असताना जे वाटलं, त्याचा पुरावा या ट्रंकेत आहे. तो मी रद्दीत घालू?”

तिनं मान डोलावली नाही, नाकारलंही नाही. “पुराव्याला पुरावा म्हणून ठेव,” ती म्हणाली. “हसायला म्हणून नको. यादी करशील तेव्हा तसं लिही.”

तिची ही अट मी मान्य केली आहे.

दुसऱ्या दिवशी फडणीस निघाले. शि. द. फडणीसांचं ते मुखपृष्ठ बहुतेकांना ठाऊक असेल. एक तरुण आणि एक तरुणी शेजारी-शेजारी, एकाच्या कपड्यांवर मांजरी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. खाली शब्द नाही. त्या वेळी मुखपृष्ठावर एखाद्या सुंदर बाईचं चित्र असावं अशी रीत होती. अंतरकरांनी तिथे व्यंगचित्र छापलं, रंगीत आणि विनाशब्द. भाची ते चित्र बघून खळखळून हसली. त्या घरात दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

“यात बाईला कुठे कमी लेखलंय?” मी विचारलं.

“कुठेच नाही. म्हणून हसले.” मग पुन्हा बघत म्हणाली, “हे तर लहान मुलालाही कळेल.”

“कळलंच होतं. बालभारतीनं गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला याच माणसाला बोलावलं. तुझ्या आईला विचार. गणिताचं पुस्तक हातात आलं की आम्ही आधी सगळी चित्रं बघून घ्यायचो.”

सरवट्यांचं वेगळं. वसंत सरवटे नोकरीनं इंजिनिअर, आणि त्यांच्या रेषेतही मोजमाप आहे. ‘ललित’मध्ये जयवंत दळवी ठणठणपाळ या नावानं लिहीत, त्या ठणठणपाळाला सरवट्यांनी चेहरा दिला. साहित्यिकांची त्यांनी काढलेली चित्रं एका बैठकीत बघून संपत नाहीत. मागच्या कोपऱ्यातला माणूस काय करतो आहे तेही बघावं लागतं. माझ्या मते मराठीत व्यंगचित्र वाचायला शिकवलं ते त्यांनी.

एका ट्रंकेत ‘मार्मिक’चे सुटे अंक आहेत. १३ ऑगस्ट १९६० रोजी ठाकरे बंधूंनी सुरू केलेलं हे साप्ताहिक. पुढे त्यातून काय झालं ते सर्वांना माहीत आहे आणि त्यावर मतंही ठरलेली आहेत. मी ते राजकारणासाठी ठेवलेलं नाही. व्यंगचित्रांवर उभं राहिलेलं साप्ताहिक मराठीत चालू शकतं, हे त्यानं दाखवलं म्हणून ठेवलं. त्यातही बोचणारं, कुणाला दुखवणारं पुष्कळ आहे. तेही यादीत येईल.

मग ‘किर्लोस्कर’ निघाला. आमच्या जिल्ह्याचा म्हणून मला त्याचा जास्त जिव्हाळा. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचं पत्रक म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं. नांगर आणि चरक विकणाऱ्या गावातून मासिक निघावं आणि त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रं काढणारे असावेत, ही साधी गोष्ट नाही. माझ्याकडे त्या सुरुवातीच्या काळातले दोनच अंक आहेत, तेही पुण्याच्या जुन्या बाजारात एका खोक्याच्या तळाशी सापडलेले. विकणाऱ्यानं ते वजनावर दिले.

“बघ!” भाची म्हणाली. “वजनावर. बाजारात यांची किंमत ती आहे.”

“इंद्रजालची आता तशी नाही. एक गृहस्थ मागे येऊन गेले. फक्त इंद्रजाल द्या, बाकीचं नको म्हणाले. रक्कम चांगली होती.”

“मग का नाही दिलं?”

“ते अंक सुटे करून विकणार होते. एक नागपूरला, एक दुबईला, दहा कुणाच्या काचेच्या चौकटीत. संग्रह फुटला की त्यातली भाषा फुटते. १९७६चा बहादूर, त्याच वर्षीच्या दिवाळी अंकातलं पोलिसाचं व्यंगचित्र आणि त्याच वर्षीची जाहिरात, हे तिन्ही एका टेबलावर आले तर काहीतरी कळतं. आणीबाणीचं वर्ष आहे ते. त्याच्या आधीच्या वर्षी, ऑगस्ट १९७५मध्ये दिल्लीचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक ‘शंकर्स वीकली’ बंद पडलं. आपल्या विनोदी अंकांनी आणीबाणीतल्या दिवाळ्यांत काय छापलं आणि काय टाळलं, हे शोधायचं तर सलग अंक हवेत.”

जाहिरातींवरून तिचं माझं पुन्हा वाजलं. ती म्हणाली, तिनं शाळेत असताना ‘सकाळ’मधला चिंटू रोज कापून वहीत चिकटवला होता. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू नोव्हेंबर १९९१मध्ये सुरू झाला, म्हणजे तिच्याबरोबरच मोठा झालेला. घर बदलताना ती वही गेली. “मला काही वाटलं नाही. चिंटूची पुस्तकं निघाली. त्यात तो जास्त चांगला छापलाय.”

“तुझ्या कात्रणांच्या मागच्या बाजूला काय होतं?”

“मला काय माहीत! अर्ध्या बातम्या, जाहिराती.”

“पुस्तकात चिंटू आहे. ज्या सकाळी तो आला ती सकाळ नाही.”

“सगळंच कसं ठेवणार, मामा? कुठेतरी थांबायला हवं.”

इथे ती बरोबर आहे. मीही थांबलोच. वर्तमानपत्रं ठेवली नाहीत, चांदोबा ठेवला नाही, अमर चित्र कथा मोजक्याच ठेवल्या. कुठे थांबायचं याचा नियम माझ्यापाशी नाही. जागा संपली की थांबलो, एवढंच खरं.

तिसऱ्या रात्री तिनं तो प्रश्न विचारला, ज्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

“तू हे जपलंस, मान्य. पण दाखवलंस कुणाला? पन्नास वर्षांत या ट्रंका किती जणांनी उघडल्या?”

मी मोजले. दोन मित्र. प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी, एकदाच. आणि तेरा वर्षांची असताना ही स्वतः, न सांगता.

“म्हणजे रद्दीत गेलं असतं तर वाचलं नसतं, आणि इथे राहिलं तरी वाचलं नाही,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात रोष नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “माझ्या कंपनीत कागद येतात ते कुणाला तरी उद्या हवे असतात म्हणून. हवे असले की सापडायला हवेत. सापडत नाही ते असून नसल्यासारखं. तू नसलास की आम्ही सगळे इथे येऊ आणि आमच्यातल्या कुणालाही कळणार नाही की कोणत्या ट्रंकेत काय आहे. मग रद्दीवाला येईल. तू नको म्हणालास तो शब्द तेव्हा खरा होईल.”

मी तिला सांगितलं की पूर्वी एका ग्रंथालयाला हे सगळं देऊ केलं होतं. तिथले गृहस्थ सभ्यपणे म्हणाले की दिवाळी अंक ते वर्षाच्या शेवटी काढून टाकतात, कॉमिक्स घेत नाहीत आणि जागा नाही. दिवाळी अंकांना त्यांच्या दाखलनोंदीत क्रमांकही मिळत नाही. मी घरी आलो आणि पुन्हा कुणाला विचारलं नाही. तो माझा दोष. एका नकारावर मी वीस वर्षं बसून राहिलो.

“तू काय घेऊन गेला होतास?”

“काही नाही. तोंडी सांगितलं.”

“यादी नाही?”

“नाही.”

“चौदा ट्रंका आहेत असं सांगितलं तर कुणीही नाहीच म्हणेल. अमुक मासिकाचे अमुक वर्षापासूनचे इतके अंक, मधले हे नाहीत, असं सांगितलं तर दहातला एक तरी विचार करेल.”

म्हणून आता यादी चालू आहे. ती शनिवारी येते, लॅपटॉप उघडते, मी अंक पुढे करतो. नाव, वर्ष, पानं, मुखपृष्ठ कुणाचं, काय फाटलं आहे, काय नाही. खिडकीचित्र असेल तर झडप शाबूत आहे का. तिच्या अटीप्रमाणे एक रकाना विनोदाच्या विषयाचा आहे, त्यात ‘बायको’ हा शब्द खूप वेळा येतो. मुखपृष्ठं आणि अनुक्रमणिका ती स्कॅन करते आहे, जेणेकरून ज्याला शोधायचं त्याला आत काय आहे ते कळावं.

पूर्ण अंक स्कॅन करून सर्वांना खुले करावेत, यावर अजून आमचं एकमत नाही. ती म्हणते करू या, कागद थांबणार नाही. मी म्हणतो, स्कॅन करून ठेव, पण वाटू नकोस. कायद्याप्रमाणे लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवर त्यांच्या वारसांचा हक्क असेल तर तो २०३१च्या अखेरीपर्यंत. सरवटे २०१६ साली गेले, त्यांचा २०७६पर्यंत. ज्यांच्या चित्रांवर मी आयुष्यभर प्रेम केलं, त्यांच्या घरच्यांना न विचारता ती वाटायची माझी तयारी नाही. ती म्हणते, तोवर विचारायला कागदच उरणार नाही. दोघांचंही बरोबर आहे आणि यावर आम्ही अजून भांडतो आहोत.

पण एका गोष्टीवर दोघांची सही आहे. संग्रह एकत्र जाईल, जाहिरातींसकट, लाटण्यासकट, आणि जिथे कुणालाही मागून बघता येईल अशाच जागी जाईल. आत्तापर्यंत साडेचार ट्रंकांची यादी झाली आहे.

तुमच्याही माळ्यावर सुतळीनं बांधलेला गठ्ठा असेल. वडिलांचा, आजोबांचा, घर बदलताना राहून गेलेला. या दिवाळीच्या साफसफाईत तो वजनकाट्यावर ठेवण्याआधी खाली घ्या, सुतळी सोडा, अंकांची नावं आणि वर्षं एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन गावातल्या ग्रंथालयात जा. एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.